पाळण्यावरचे पट्टे

(हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी हे शब्दांकन. बोलताना झालेल्या पुनरुक्ती तेवढ्या काढल्या आहेत, बाकी बोली तशीच ठेवली आहे.)

आज पाहुणा कोणी नाही, मी एकटाच आहे. मागच्या एका भागात मी बोलता बोलता म्हणालो होतो की लाकडाच्या पाळण्यावर पट्टे रंगवतोय, आणि त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की त्याचं पुढे काय झालं. झालं बरंच काही. मी तेव्हा मुद्दाम बोललो नव्हतो, कारण ते अजून चालू होतं आणि घरात वातावरण जरा तंग होतं. आता सांगायला हरकत नाही.

तर आमच्या घरी साताऱ्याला एक पाळणा आहे. १९९४ साली माझ्या ताईसाठी केलेला. नंतर त्यात मी झोपलो, मग मावशीची दोन्ही पोरं. चार कातीव खांब, बाजूला गज, वरती आडव्या पट्ट्या, साखळ्या. आणि त्यावर रंगाचे पट्टे. खांबांवर लाल-पिवळा-हिरवा, लाल-पिवळा-हिरवा असे गोल पट्टे, आणि वरच्या आडव्या पट्टीवर शेवटपर्यंत गेलेली पिवळी दुहेरी रेघ. हे सगळं माझ्या मामाने रंगवलेलं.

मामा कऱ्हाडला असतो. पेंटर. म्हणजे दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, निवडणुकीला भिंती, सगळं केलेलं. फ्लेक्स आल्यावर पाट्यांचं काम गेलं, ट्रॉल्यांचं थोडं राहिलं. माझं बीटेक चालू असताना तो मला म्हणायचा, तुमच्या कॉम्प्युटरनेच आमचं खाल्लं रं. हसत म्हणायचा, पण म्हणायचा.

ताई सातव्या महिन्यात बाळंतपणाला घरी आली. मी तेव्हा घरूनच काम करत होतो. आईने माळ्यावरून पाळणा काढायला लावला. रंग ठिकठिकाणी उडालेला, तडे गेलेले, काही पोपडे नखाने निघत होते. मी म्हटलं मी करतो. यूट्यूब आहे, पॉलिश पेपर आहे, शनिवार-रविवार आहे. अजून काय पाहिजे?

आईने मला तेव्हा एक गोष्ट पुन्हा दाखवली, जी ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवते. वरच्या पट्टीवर एका जागी पिवळा रंग नाही, लाकूड दिसतं, आणि त्यावर बारीक बारीक खाचा आहेत. ते माझे दात. मला दात येत होते तेव्हा मी उभा राहून ती पट्टी कुरतडायचो. ‘उंदीर होतास नुसता,’ असं आई म्हणते, दर वेळी त्याच कौतुकाने.

शनिवारी सकाळी मी मागच्या पडवीत पाळणा मांडला आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन सुरू झालो. कोरडाच. मास्क नाही, काही नाही. दीड-दोन तासांत एक खांब आणि एक आडवी पट्टी बऱ्यापैकी साफ झाली. खाली पिवळट-लाल भुकटी पडलेली. पंखा चालू. ताई शेजारच्या खोलीत दार उघडं ठेवून बसलेली, मधूनमधून बाहेर येऊन बघत होती. एकदा येऊन तिने भुकटीवर पाय दिला आणि तशीच आत गेली. हे मी आत्ता सांगतोय ते इतकं नीट आठवतंय कारण नंतर मी ते डोक्यात शंभर वेळा पाहिलंय.

सोमवारी संध्याकाळी क्लायंटबरोबर कॉल होता. मी पडवीतच बसलो होतो, मागे पाळणा दिसत होता. तिकडच्या टीममधला एक जण, अमेरिकेतला, त्याने सहज विचारलं की हे जुनं फर्निचर आहे का. मी कौतुकाने सांगितलं, हो, तीसेक वर्षांचं, मी घासून पुन्हा रंगवतोय. तो म्हणाला, लेड टेस्ट केलीस ना?

मला आधी समजलंच नाही. लेड म्हणजे शिसं. त्याने सांगितलं की त्यांच्याकडे १९७८ च्या आधीचं घर घेताना विकणाऱ्याला शिशाच्या रंगाबद्दल लेखी द्यावं लागतं, कारण त्या साली त्यांच्याकडे घरगुती रंगात शिसं वापरायला बंदी आली. त्यामुळे जुना रंग घासायचा म्हटलं की तिकडे माणूस आधी हा प्रश्न विचारतो. मी कॉल संपवला आणि वाचायला बसलो. रात्री दोन वाजेपर्यंत.

थोडक्यात सांगतो. ऑइल पेंटमध्ये शिसं दोन कारणांनी घालायचे. एक म्हणजे रंगद्रव्य म्हणून: लेड क्रोमेट, ज्याने झगझगीत पिवळा आणि केशरी येतो. दुसरं, रंग लवकर वाळावा म्हणून. त्यामुळे पांढऱ्यापेक्षा पिवळा, केशरी, लाल, हिरवा हे रंग जास्त संशयास्पद. हिरवा का, तर बऱ्याचदा तो पिवळ्यातूनच केलेला असतो. आपल्याकडे यावर बंधनकारक नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको. त्याआधीचे जे ऑइल पेंट तपासले गेलेत त्यात हा आकडा हजारांच्या घरात सापडलेला आहे. आणि शिशाच्या बाबतीत ‘इतकं चालतं’ अशी सुरक्षित पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मूल पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं. मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. आणि गरोदर बाईच्या शरीरातून ते बाळापर्यंत जातं.

हे शेवटचं वाक्य वाचलं तेव्हा घरात सगळे झोपलेले होते आणि मी पडवीतल्या त्या भुकटीकडे बघत बसलो होतो.

सकाळी आधी ताईला सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती नाही चिडली, ती एकदम प्रोजेक्ट मॅनेजरसारखी झाली, जी ती आहेच. डॉक्टरांना फोन केला, रक्तातलं शिसं बघायची टेस्ट असते ती केली. रिपोर्ट येईपर्यंत चार दिवस मी कोणत्या तोंडाने ऑफिसचं काम करत होतो माहीत नाही. रिपोर्ट ठीक आला. डॉक्टर म्हणाल्या काळजीचं कारण नाही, पण आता त्या पाळण्याला हात लावू नका.

पडवी कशी साफ केली तेही सांगतो, कारण मी सुरुवातीला झाडू उचलला होता. झाडायचं नाही. झाडल्याने बारीक धूळ उडते आणि तासन्‌तास हवेत राहते. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनरही नको, तो पुढून ओढतो आणि मागून बारीक धूळ फेकतो. ओल्या फडक्याने पुसायचं, साबणाचं पाणी, फडकी पुन्हा वापरायची नाहीत, पिशवीत बांधून टाकायची. मी आणि बाबांनी एन९५ मास्क लावून तीनदा पुसलं. ताई तो दिवस आत्याकडे. ज्यांना जुना रंग काढायचाच आहे त्यांनी तो ओला करून घासावा, आणि जाळून काढायचा तर विचारही करू नये, त्याचा धूर आणखी वाईट. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर मी म्हणेन घासूच नका, जाणकाराकडे द्या.

पोपड्याचा एक तुकडा मी पुण्यातल्या एका लॅबला पाठवला होता. पिवळ्या रेघेचा. ९० च्या जागी पाच आकडी संख्या आली.

आता मुख्य गोष्ट. मामाला कोण सांगणार?

त्याला पाळणा काढल्याचं आईने फोनवर सांगितलेलंच होतं, आणि तो त्या रविवारी आला. ब्रश घेऊनच. पडवीत पाळणा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला बघून म्हणाला, हे काय? आणि मी जे केलं ते अगदी इंजिनिअरसारखं केलं. लॅबचा रिपोर्ट मोबाइलवर उघडून त्याच्या हातात दिला. आकडा दाखवला. नियम सांगितला. ९० आणि ही संख्या. सगळं बरोबर, आणि सगळं चुकीच्या पद्धतीने.

मामाने मोबाइल लांब धरून वाचला, परत दिला. म्हणाला, ‘म्हंजी मी पोरांस्नी इख रंगवून दिलं व्हय?’

आई म्हणाली, अरे तसं कुठं म्हणतोय तो. बाबा म्हणाले, तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पण त्याने त्या वरच्या पट्टीकडे बघितलं, दातांच्या खाचा असलेल्या जागेकडे, प्लॅस्टिकमधूनही ती दिसत होती. चहा न घेता गेला. आईच्या घरून तिचा भाऊ चहा न घेता गेला, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मला तेव्हा हेही सुचलं नाही की ज्या माणसाने वयाच्या सोळाव्या वर्षापासून हे रंग हाताने कालवलेत, टर्पेंटाइनने हात धुतलेत आणि त्याच हाताने डबा खाल्लाय, त्याला मी माझी काळजी सांगत होतो.

पाळणा मात्र हवाच होता. बाराव्या दिवशी बारसं. कऱ्हाडच्या एका सुताराकडून नवीन करून घेतला, सागवानी, जुन्याच मापाचा. रंगवायला मामाला फोन केला तर म्हणाला, ‘तूच रंगव आता. तुला समदं कळतंय.’

मग मी रंगवायला घेतला. काय रंगवायचं आणि काय नाही हे ठरवलेलं होतं: जिथे बाळाचं तोंड पोचेल, म्हणजे वरची आडवी पट्टी आणि गज, तिथे काहीच नाही. कोरं लाकूड, फक्त ३२० च्या पेपरने गुळगुळीत. पट्टे फक्त खांबांच्या खालच्या भागावर आणि खालच्या आडव्या पट्टीवर, बाहेरच्या अंगाने. रंग घेताना डब्यावर शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत असल्याचं छापलेलं बघून घेतला. तुम्हीही बघा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

खालची पट्टी ६८ सेंटीमीटर. मला नऊ रंगीत पट्टे हवे होते. नऊ पट्टे, नऊ मोकळ्या जागा, अठरा भाग, ६८ भागिले १८. आखून झाल्यावर एका टोकाला पट्टा आणि दुसऱ्या टोकाला मोकळी जागा. आमच्या धंद्यात याला फेन्सपोस्ट एरर म्हणतात, कॉलेजच्या पहिल्या वर्षात शिकवतात, आणि मी लोकांचा कोड तपासताना यावरून नाक मुरडतो. नऊ पट्ट्यांमध्ये जागा आठच असतात. भाग सतरा. ६८ भागिले १७, बरोबर ४ सेंटीमीटर. इतकं सरळ गणित समोर होतं.

दुसरी चूक जास्त शिकवणारी. मी प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यापासून मोजत गेलो. पेन्सिलची रेघ अर्धा मिलिमीटर जाड. अर्धा मिलिमीटर सतरा वेळा, म्हणजे शेवटी जवळजवळ एक सेंटीमीटर सरकलेलं. मोजायचं ते एकाच टोकापासून: ४, ८, १२, १६, पट्टी न हलवता.

मग मास्किंग टेप. साग तेलकट असतो, थिनरने पुसून, प्रायमर, मग पांढऱ्याचे दोन हात. दुसऱ्या दिवशी टेप लावली, लाल मारला, रात्रभर वाळू दिला, सकाळी टेप ओढली. टेपबरोबर पांढरा निघून आला आणि लाल रंग टेपखाली झिरपून कडेला दातरे दातरे. फोटो काढला आणि काही न लिहिता मामाला पाठवला. मला वाटतं त्या आठवड्यात मी केलेलं एकमेव शहाणपण ते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मामा हजर. आल्या आल्या पट्टी हातात घेतली, म्हणाला, ‘ह्ये कुनी केलं? मांजरानं?’

त्याच्या पिशवीत त्याचा आवडता पिवळा होता. ट्रॉल्यांना वापरतो तो. आणि मला पुन्हा नाही म्हणायचं होतं. कारण तो ९० पीपीएमचा नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांना आहे. गाड्यांचे, कारखान्यांचे रंग त्यात येत नाहीत. या वेळी मी मोबाइल काढला नाही. दोन्ही डबे शेजारी ठेवले आणि म्हटलं, मामा, तूच वाच. त्याने चष्मा लावला, माझ्या डब्यावरचं बारीक वाचलं, मग स्वतःचा डबा सगळीकडून फिरवून पाहिला. त्यावर तसं काही छापलेलं नव्हतं. बराच वेळ फिरवला. मग उठून गेला आणि डबा दाराबाहेर चपलांशेजारी ठेवून आला. ‘ह्यो पिवळा फिका हाय तुझा,’ एवढंच म्हणाला. आणि खरंच फिका आहे. शिशाचा पिवळा वेगळाच दिसतो, हे मान्य करायला हवं.

मग दोन दिवस त्याने जे शिकवलं ते सांगतो. टेप वापरायचीच असेल तर खालचा रंग निदान आठवडाभर वाळू द्या. टेप लावल्यावर तिच्या कडेवरून आधी खालचाच रंग, आमच्या बाबतीत पांढरा, पातळ फिरवा. जिथून झिरपायचं तिथून पांढऱ्यात पांढरा झिरपतो, फट बुजते. तो वाळला की मग लाल. आणि टेप काढायची लाल पूर्ण कडक व्हायच्या आत, थोडा चिकट असताना, स्वतःवरच दुमडून हळू ओढत. कोड्यासारखं वाटतं पण करून बघा. हे टेपचं त्याला दुसऱ्या एका पेंटरने शिकवलेलं, स्वतः तो वापरत नाही.

सतरा भाग करायला तो पट्टीही वापरत नाही. माझ्या जुन्या कंपास पेटीतला डिव्हायडर मागितला. अंदाजाने उघडला, टोकापासून टोकापर्यंत सतरा पावलं टाकली. थोडं उरलं. जेवढं उरलं त्याचा सतरावा भाग नजरेनेच वाढवला, पुन्हा चालवला. तिसऱ्या खेपेला टोक बरोबर कडेवर. मी म्हटलं हा तर अल्गोरिदम आहे. तो म्हणाला, असंल.

गोल खांबावर सरळ गोल रेघ आखणं मला अशक्य वाटत होतं. त्याने सरळ कडेचा कागदाचा पट्टा खांबाभोवती गुंडाळला, कड कडेवर जुळवली. जुळली की रेघ काटकोनात आहेच, मोजायची गरज नाही. आणि रंगवताना खांब दोन खाचा पाडलेल्या फळ्यांवर आडवा ठेवला, उजवा हात काठीवर टेकवला, लांब केसांचा ब्रश लाकडाला लावला आणि डाव्या हाताने खांब फिरवला. ‘बरश हलवायचा न्हाई. लाकूड फिरवायचं.’ रेघ जिथे सुरू झाली तिथेच येऊन मिळाली. तो जोड खांबाच्या आतल्या बाजूला येईल असं त्याने आधीच ठरवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा हात जरा थरथरला. तो थांबला, हात झटकला, पुन्हा टेकवला. मी काही बोललो नाही. ताई बोलली. म्हणाली, मामा, तू पण ती टेस्ट करून घे, मी पैसे भरते. तो म्हणाला, बघू. अजून केलेली नाही. दर फोनला ती विचारते, दर फोनला तो बघू म्हणतो.

रंगवून झाल्यावर पाळणा महिनाभर पडवीत मोकळ्या हवेत ठेवला, वास पूर्ण जाईपर्यंत. बारशाला टांगला. तीन खांब मामाचे, एक खांब त्याने मला करायला लावला. माझ्या खांबावर लाल पट्टा एका जागी पोट सुटल्यासारखा आहे. भाचीला आता दात येतायत, ती वरच्या कोऱ्या पट्टीला लागलीय. आई तिकडे बघून ‘उंदीर’ म्हणते आणि मग गप्प होते, पूर्वीसारखी पुढची गोष्ट सांगत नाही.

जुना पाळणा टाकायचा की ठेवायचा यावर घरात दोन पक्ष होते. भंगारात दिला तर कुणीतरी घासून दुसऱ्या बाळाला देणार, म्हणून तो तर प्रश्नच नव्हता. जाड प्लॅस्टिकमध्ये दोनदा गुंडाळून, चिकटपट्टीने बंद करून माळ्यावर ठेवलाय. मी त्यावर मार्करने लिहायला गेलो तर मामाने मार्कर काढून घेतला. म्हणाला, ही काय अक्षरं म्हणायची. एक फळी मागितली, ब्रश काढला, आणि दुकानाच्या पाटीला करायचा तशी लाल अक्षरं, त्याला काळी शेड देऊन, कडेने बारीक पिवळी रेघ मारून लिहिलं: ‘शिसं आहे. घासू नये.’ आणि खाली कोपऱ्यात, प्रत्येक पाटीवर करायचा तशी, आपली बारीक सही केली.